दहा नारळांचा हिशेब

ज्याला व्यवहार कळतो, जो सहजासहजी फसत नाही, अशा माणसाला इंग्रजीत ‘स्ट्रीट स्मार्ट’ म्हणतात. ही रस्त्यावरची हुशारी चालते कशी, याचा शोध ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा काराहेर, डेव्हिड काराहेर आणि आनालुसिया श्लीमान यांनी घेतला. त्यांचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला.

अभ्यासात मुलं पाचच होती, 9 ते 15 वर्षांची, फेरीवाल्यांच्या घरची. संशोधक गिऱ्हाईक होऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. एक नारळ 35 क्रुझेरोंना, मग दहाचे किती? शाळेत शिकवतात तसं 35 पुढे शून्य देऊन बारा वर्षांचा विक्रेता मोकळा झाला नाही. तीन नारळांचे 105 त्याला ठाऊक होते. आणखी तीन घेतले की 210, आणखी तीन की 315, उरला एक, म्हणजे 350. गणिताच्या पुस्तकात यालाच वितरणाचा नियम म्हणतात. त्या मुलानं तो नाव न घेता वापरला.

चार नारळांचे 140 हेही तोंडी बिनचूक आले. पुढे 35 गुणिले 4 हेच गणित नुसत्या आकड्यांत दिलं. पाच चोक वीस, हातचे दोन. दोन नि तीन पाच, पाच चोक वीस. कागदावर उत्तर उमटलं 200!

बाजारात या मुलांची 98 टक्के उत्तरं बरोबर होती, नुसत्या आकडेमोडीत जेमतेम 37 टक्के.

पाच मुलांवरून किती बोलायचं, अशी शंका रास्त आहे. तिचं उत्तर आपल्याच देशातून आलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या 1,436 मुलांना तपासलं. 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला निष्कर्ष तोच: वजन, भाव, सुटे पैसे यांचा हिशेब पक्का, पण वहीतल्या तेवढ्याच सोप्या गणितापाशी गाडी अडते.

आणि शाळकरी मुलं? वहीतली सोपी गणितं त्यांना जास्त चांगली जमली. पण बाजारातला जो हिशेब एक तृतीयांशाहून अधिक विक्रेत्या मुलांनी सोडवला, तो त्यांच्यातल्या फक्त 1 टक्का मुलांना जमला. तेव्हा दोष एकाच बाजूचा नाही. भाजीच्या गाडीवरून वर्गात आलेल्या मुलाला ‘कच्चा’ ठरवण्याआधी शिक्षकांनी त्याला पाऊण किलो बटाट्यांचे पैसे विचारावेत, तो ते कसे काढतो हे फळ्यावर मांडावं, आणि बाकीच्या वर्गालाही तीच रीत करून पाहायला लावावी.