धावती आगगाडी, ओसाड भुयार आणि छायाचित्रकार

श्रोत्यांपैकी ज्यांच्याजवळ कॅमेरा आहे, त्यांनी केव्हा ना केव्हा धावत्या आगगाडीचे छायाचित्र घेण्याचा प्रयत्न केलाच असेल. आणि त्यांतील पुष्कळांच्या हाती इंजिनाऐवजी एक लांबट करडा पट्टाच आला असेल. तीच गोष्ट शहरातील बंद पडलेल्या गिरणीची किंवा वापरातून गेलेल्या भुयाराची. डोळ्यांना तेथे जे गूढ आणि गंभीर वाटले, ते कागदावर नुसते काळे उमटते. दोष बहुधा कॅमेऱ्याला दिला जातो. वस्तुतः दोष हिशेबाचा असतो. छायाचित्रकाराजवळ खर्चावयास दोनच गोष्टी असतात : प्रकाश आणि वेळ. धावती गाडी वेळ देत नाही. ओसाड काळोख प्रकाश देत नाही. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावयाची, हेच या कलेचे मर्म होय.

प्रथम गाडीचा विचार करावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाचा साठावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात गाडी सुमारे २८ सेंटिमीटर पुढे सरकते. पाचशेवा भाग उघडे राहिले, तर ३ सेंटिमीटरांहून थोडी अधिक. तेव्हा शटरचा वेग वाढवावा, हे उघडच आहे. परंतु उभे राहण्याच्या जागेलाही तितकेच महत्त्व आहे. गाडी समोरून आडवी जात असेल, तर तिचे सरकणे चित्रात पुरेपूर उमटते. ती तिरकस अंगाने कॅमेऱ्याकडे येत असेल, तर पुष्कळच कमी. म्हणून जाणता छायाचित्रकार रुळांपासून दूर, वळणाच्या बाहेर जागा धरतो आणि गाडी ज्या ठिकाणी टिपावयाची, त्या ठिकाणावर भिंग आधीच रोखून ठेवतो. आणखी एक रीत आहे. कॅमेरा गाडीबरोबर संथ लयीत फिरवीत न्यावा आणि फिरता फिरताच कळ दाबावी. मग इंजिन स्पष्ट उमटते, पाठीमागची झाडे पुसट होतात, आणि त्या पुसटपणातूनच वेगाचा प्रत्यय येतो.

रात्रीच्या गाडीचे काय? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील ओ. विन्स्टन लिंक या छायाचित्रकाराने दिले. तो न्यूयॉर्क येथे जाहिरातींसाठी छायाचित्रे घेण्याचा व्यवसाय करी. नॉरफोक अँड वेस्टर्न ही रेल्वे-कंपनी अद्याप वाफेची इंजिने चालवीत होती. परंतु डिझेलचे युग दाराशी येऊन ठेपले होते. १९५५ च्या जानेवारीत लिंकने व्हर्जिनियात पहिले रात्रीचे चित्र घेतले आणि १९६० पर्यंत तो पदरमोड करून पुनःपुन्हा तेथे जात राहिला. सूर्य आपल्या सोयीने हलविता येत नाही, रात्री मात्र सगळा प्रकाश आपल्या हातचा, हे त्याने ओळखले होते. कंपनीच्या संमतीने तो रुळांच्या आसपास एकदाच पेटून विझणारे दिवे मांडी, ते तारांनी जोडी आणि गाडीची वाट पाही. १९५६ साली वेस्ट व्हर्जिनियातील आयेगर येथे घेतलेल्या त्याच्या सुप्रसिद्ध चित्रात मोटारीत बसून चित्रपट पाहणारे प्रेक्षक आहेत, आणि पलीकडून वाफेचा शुभ्र लोट सोडीत गाडी धावते आहे. त्या एका क्षणासाठी चाळीसांहून अधिक दिवे लावले होते. एवढ्या प्रकाशात चित्रपटाचा पडदा कोरा पडला. त्यावरील विमान मागाहून बसवावे लागले. दिवे कॅमेऱ्यापासून दूर, बाजूंना ठेवल्यामुळे काळ्या इंजिनाचा घाट आणि वाफेचा उठाव दोन्ही राखले गेले. दिवे दुसऱ्यांदा पेटणारे नव्हते आणि गाडीही मागे फिरणारी नव्हती.

ओसाड काळोखाचा धडा याहून जुना आहे आणि तो पॅरिस येथे मिळतो. त्या नगराखाली चुनखडीच्या जुन्या खाणी आहेत. त्यांच्या एका भागात १७८६ पासून दफनभूमींतील अस्थी आणून रचण्यात आल्या. नादार या नावाने विख्यात असलेल्या छायाचित्रकाराने १८६१ च्या सुमारास तेथे विद्युत्-घटांच्या साह्याने कृत्रिम प्रकाश पाडला. कित्येक ठिकाणी ते अवजड घट वर रस्त्यावरच ठेवून तारा खाली सोडाव्या लागत. एकेका चित्रास अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. इतका वेळ जिवंत माणूस निश्चल राहणे अशक्य. म्हणून मजुरांच्या जागी त्याने कपडे घातलेले पुतळे उभे केले. पुढे गटारांत काम करताना कधी कधी अगदी शेवटच्या क्षणी पाण्यातून वाफ उठे आणि सारे श्रम वाया जात. तरीही तो नव्याने आरंभ करी.

आजच्या कॅमेऱ्यात प्रकाश ग्रहण करण्याची शक्ती कितीतरी पटींनी वाढली आहे. रीत मात्र तीच आहे. कॅमेरा भक्कम स्टँडवर ठेवावा आणि हाताचा धक्का लागू नये म्हणून शटर स्वयंचलित योजनेने सोडावे. अंधारात भिंग रोखता येत नसेल, तर इच्छित जागी क्षणभर विजेरी ठेवून ते साधावे. मग शटर अर्धा मिनिट उघडे ठेवून, विजेरीचा झोत भिंतींवरून रंगाऱ्याच्या कुंचल्याप्रमाणे सावकाश फिरवावा. तो भिंगाकडे वळू देऊ नये. फिल्म वापरणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की, दीर्घ काळात तिची ग्रहणशक्ती मंदावते. हिशेबाने आलेल्या वेळाहून अधिक वेळ तिला द्यावा लागतो. आणि सगळा काळोख घालवू नये. काही कोपरे काळे राहिले, तरच ती जागा ओसाड वाटते.

एक सूचना अगत्याची आहे. परवानगीवाचून रुळांवर जाणे हा गुन्हा आहे, आणि इंजिनचालकाच्या डोळ्यांवर अकस्मात प्रकाश टाकणे हा अविचार. पडक्या इमारतीतही मालकाची अनुमती आणि सोबती यांवाचून पाऊल टाकू नये. तेथील जिना चित्रात सुंदर दिसतो. तो भार सोसेलच असे नाही.

हा सारा खटाटोप कशासाठी? ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना त्याचे उत्तर ठाऊक आहे. ग्वाल्हेरहून श्योपूरकडे जाणारी, दोन फूट रुंदीच्या रुळांवरची सुमारे २०० किलोमीटरची छोटी गाडी २०२० च्या मार्चमध्ये थांबली आणि ती वाट पुढे रुंद मार्गासाठी मोडण्यात आली. तिच्यातून ज्यांनी आयुष्यभर प्रवास केला, त्यांच्या घरी तिचे एखादे तरी नीट छायाचित्र असेल काय? लिंकला ठाऊक होते की आपली इंजिने जाणार आहेत. म्हणूनच त्याने पाच वर्षे रात्री जागविल्या. आपल्या गावातील कोणती गाडी, कोणती गिरणी, कोणते फलाट उद्या नसेल, याचा विचार करून ज्याने आजच कॅमेरा बाहेर काढला, त्याचे चित्र थोडे अस्पष्ट आले तरी पुढची पिढी ते जपून ठेवील.