चहा स्वस्त झाला, तरी नको!

‘बोस्टन टी पार्टी’ हे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. कर वाढला, लोक चिडले आणि त्यांनी चहा समुद्रात फेकला, एवढे लक्षात राहते. इतिहास शिकवताना मी मुलांना हटकून विचारत असे, की त्या वर्षी चहा महागला होता की स्वस्त झाला होता? ‘महागला’ असेच उत्तर बहुधा येई. खरे तर तो स्वस्त होणार होता. मग लोकांनी तो बुडवला कशासाठी?

थोडे मागे जाऊ. फ्रान्सबरोबरचे सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले. ब्रिटन जिंकले, पण कर्जबाजारी झाले. अमेरिकेतल्या वसाहतींच्या रक्षणासाठी खर्च होतो, तर त्यांनीही वाटा उचलावा, असे लंडनला वाटले. हे म्हणणे अगदीच गैर नव्हते. म्हणून १७६५ मध्ये ‘स्टॅम्प अ‍ॅक्ट’ आला. वर्तमानपत्रे, दस्तऐवज, पंचांगे, इतकेच काय, पत्त्यांच्या कॅटवरही कर बसला. वसाहतींना कर नवे नव्हते; पण असे कर त्यांनी निवडलेली विधिमंडळे ठरवत. हा कर ठरवला समुद्रापलीकडच्या पार्लमेंटने, आणि तिथे त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता.

नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. अर्जविनंत्या झाल्या, दंगेही झाले. बोस्टनमध्ये जमावाने थॉमस हचिन्सन या बड्या अधिकाऱ्याचे घर लुटले. पण लंडनला खरा चिमटा बसला तो व्यापाऱ्यांनी ब्रिटिश मालाच्या मागण्या थांबवल्या तेव्हा. आता तिथलेच व्यापारी पार्लमेंटकडे धावले आणि १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. पुढच्याच वर्षी काच, कागद, रंग, शिसे आणि चहा यांवर जकात आली. पुन्हा बहिष्कार सुरू झाला. या वेळी तो घराघरांत शिरला. बायका एकत्र बसून सूत कातू लागल्या, घरी विणलेले कापड अंगावर मिरवू लागले. १७७० मध्ये बाकीच्या जकाती उठल्या. चहावरची पौंडामागे तीन पेन्सची जकात मात्र राहिली. ती हक्क दाखवण्यापुरती होती.

आता आपली ओळखीची ईस्ट इंडिया कंपनी या गोष्टीत येते. लंडनच्या गोदामांत तिचा चिनी चहा पडून होता आणि ती डबघाईला आली होती. तिला सावरण्यासाठी १७७३ मध्ये ‘टी अ‍ॅक्ट’ झाला. कंपनीला अमेरिकेत थेट चहा विकण्याची मुभा मिळाली. आता तिचा चहा चोरट्या डच चहाशीही किमतीत टक्कर देणार होता. तीन पेन्स मात्र कायम होते. स्वस्त चहा घेतला की त्याबरोबर पार्लमेंटचा हक्कही घेतल्यासारखे होणार, हे लोकांनी ओळखले. शिवाय मक्तेदारीने स्थानिक व्यापारी मरणार, ही धास्ती होतीच.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाला निघालेली जहाजे माल न उतरवताच परतली. बोस्टनमध्ये हचिन्सन आता गव्हर्नर होता. त्याचे दोन मुलगे या चहाचे अडते होते. जकात भरल्याशिवाय जहाजे सोडणार नाही, असे तो म्हणाला. मुदत संपायच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबर १७७३ रोजी, लोक तीन जहाजांवर चढले आणि सुमारे ३४० पेट्या, म्हणजे ४० टनांहून अधिक चहा त्यांनी पाण्यात रिकामा केला. इतर मालाला हात लावला नाही. ब्रिटनने बोस्टन बंदरच बंद केले. तेव्हा इतर वसाहतींनी तिथे धान्य पाठवले. १७७५ मध्ये युद्ध पेटले.

या स्वातंत्र्यप्रेमींपैकी अनेकांच्या घरी गुलाम होते, हेही सांगायलाच हवे. आणि आपल्याकडे? त्याच १७७३ साली त्याच पार्लमेंटने ‘रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट’ केला आणि युद्ध-तहाच्या बाबतीत कंपनीच्या मुंबईला कलकत्त्याच्या देखरेखीखाली आणले. इथल्या रयतेला कोणी विचारले नव्हते, तशी पद्धतच नव्हती.

तीन पेन्सने कुणाचे दिवाळे निघत नव्हते. प्रश्न एवढाच होता, की माझ्या खिशात हात घालण्याआधी मला कोण विचारणार? वस्तू स्वस्त मिळते, सवलत मिळते, तेव्हा हा प्रश्न विचारायचा राहून जातो. बोस्टनच्या लोकांनी तो नेमका तेव्हाच विचारला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)