तैलचित्राची विद्या : झाकलेली आणि खुली

(भेस्तान येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उधना आणि सचिन यांच्यामधले भेस्तान हे स्थानक मुंबईहून येणाऱ्या प्रवाशाच्या क्वचितच ध्यानात राहते. या परिसरातील अनेक मराठी कुटुंबांचे मूळ खानदेशात आहे. आसपासच्या कारखान्यांत कापड रंगवले आणि छापले जाते. रंग येथील माणसाला परका नाही. तरीही घरातील एखाद्या मुलाने तैलरंगात चेहरा रंगवायला शिकण्याची इच्छा बोलून दाखवली, तर वडीलधारी मंडळी गोंधळतात. ही विद्या मोठ्या घरांची, असा समज समाजात रुजलेला आहे.

हा समज अगदीच निराधार नव्हे. राजा रविवर्मा यांच्या उमेदवारीची कथा प्रसिद्ध आहे. त्रावणकोरच्या दरबारी तैलरंगाचे ज्ञान असलेल्या रामस्वामी नायकरांनी त्यांना शिकवण्याचे नाकारले. नायकरांचे शिष्य अरुमुगम पिल्लै यांनी ते चोरून शिकवले. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार तेथे आला; त्यानेही धडे दिले नाहीत, फक्त काम करताना पाहू दिले. ज्यांची चित्रे पुढे छापखान्यातून घरोघरी पोहोचली, त्यांना स्वतःला विद्या अशी दुरून टिपावी लागली.

परंतु याच काळात दारे उघडूही लागली होती. मुंबईत १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. सुरतेचे सुपुत्र त्रिभुवनदास गज्जर यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन उभारले. दादासाहेब फाळके यांनी या दोन्ही संस्थांत शिक्षण घेतले. त्याच १८९० साली कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे. मध्ये दाखल झाले, आणि विद्यार्थी व शिक्षक म्हणून त्यांनी तेथे घालवलेल्या काळाची हकिगत ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या मराठी ग्रंथात लिहून ठेवली. शिकणे ही लपवण्याची नव्हे, सांगण्याची गोष्ट आहे, हे त्या ग्रंथाने दाखवून दिले.

आता प्रत्यक्ष शिकायचे काय? आरंभ चेहऱ्यापासून करू नये. खिडकीजवळ एक तांब्या, दोन लिंबे आणि एक मळकट फडका मांडावा. वस्तू हलत नाहीत, कंटाळत नाहीत, आणि साम्य जमले नाही म्हणून रुसतही नाहीत. उजेड मात्र एकाच बाजूने यावा. डोळे अर्धवट मिटून पाहिले की बारकावे विरतात, आणि छाया व प्रकाश यांचे मोठे भाग वेगळे दिसू लागतात. तांब्या पिवळा आहे हे मनाचे ज्ञान. त्याच्या छायेत हिरवट, तपकिरी आणि शेजारच्या लिंबाचा अंश आहे, हे डोळ्यांचे ज्ञान. पहिले बाजूला ठेवून दुसऱ्यावर विश्वास ठेवणे, हाच या शिक्षणाचा गाभा होय.

तैलरंगाचा स्वभावही समजून घ्यावा लागतो. त्यातील जवसाचे तेल पाण्याप्रमाणे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होते. म्हणून खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, कमी तेलाचा ठेवावा आणि वरच्या थरांत तेल वाढवत न्यावे. हा क्रम उलटला, तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून हलतो आणि चित्राला तडे जातात. घाई येथे क्षम्य नाही.

तांब्या साधला की चेहरा. तेथेही आधी डोळे-ओठ रेखू नयेत. कपाळ, गाल, हनुवटी यांवर उजेड कोठे वळतो ते पाहावे. साम्य हे तपशिलांच्या बेरजेत नसते, ते प्रमाणांत असते. आणि समोर बसलेली व्यक्ती आपली आजी असेल, तर तासभर तिच्याकडे निरखून पाहण्याचा योग येतो. तिच्या कपाळावरची रेघ केव्हा उमटली, हा प्रश्न कदाचित त्या वेळी प्रथमच मनात येतो.

ग्रंथालय कुंचला हाती देऊ शकत नाही, पण विद्या झाकून ठेवण्याचे दिवस संपले आहेत एवढे निश्चित सांगू शकते. धुरंधरांचा ग्रंथ कपाटात कुलपाआड राहिला, तर नायकरांचा नकार पुन्हा एकदा उच्चारल्यासारखे होईल. तो भेस्तानमधील एखाद्या मुलाच्या हाती पडावा, ही शतक पाहिलेल्या ग्रंथालयाकडून रास्त अपेक्षा आहे.