हेराल्डच्या खाली

पंचावन्न ओलांडलेल्या माणसानं कशाची इच्छा धरावी, याचे आपल्याकडे संकेत ठरलेले आहेत. मुलांची लग्नं, घरावर एक मजला, जमलंच तर हजयात्रा. मी २०२४च्या ऑगस्टमध्ये यातलं काहीही न करता एक जुनी मोटार विकत घेतली. स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, १९६६ सालची. म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. विम्याची पॉलिसी पिकली होती, त्यातले एक लाख ऐंशी हजार रुपये गेले. ते पैसे गच्चीच्या गळतीसाठी ठेवले होते, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात ही गोष्ट त्याच वाक्यानं सुरू होते.

माझे अब्बा मिरजेत एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं आणि तंबोऱ्यांचं गाव. रस्त्यावर टांगे, सायकली, एखादी अँबेसिडर, एखादी फियाट. त्यांत डॉक्टरसाहेबांची पांढरी हेराल्ड निघाली की आम्ही पोरं खेळ थांबवून बघत राहायचो. मागच्या बाजूला माशासारखे पंख, बुटका बांधा, आणि पुढचं बॉनेट उघडायचं ते मडगार्डांसकट, अख्खंच्या अख्खं पुढच्या बाजूला. मी आठ वर्षांचा असेन. एकदा दाराच्या मुठीला हात लावला, तर अब्बा म्हणाले, “हात मत लगा, साहब की है.” ते रागावले नव्हते. पण ते वाक्य माझ्या हातात राहून गेलं.

मोठा झाल्यावर त्या गाडीबद्दल मिळेल ते वाचलं. हेराल्ड मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फची, १९५९ सालची. आराखडा इटलीतल्या तुरीनच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचा. १९६१पासून ती मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी बनवू लागली आणि १९७१ पर्यंत बनवत राहिली. त्या काळी आपल्याकडे मोटारी म्हणजे अँबेसिडर, फियाट आणि ही, एवढ्याच. तिकडे इंग्लंडात १९६२ साली याच गाडीचा सांगाडा आखूड करून त्यावर स्पिटफायर नावाची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार उभी केली. म्हणजे आमची हेराल्ड स्पोर्ट्स कार नव्हे, पण स्पोर्ट्स कारची सख्खी थोरली बहीण. मिरजेतल्या मुलाला तेवढं पुरेसं होतं.

डॉक्टरांची गाडी केव्हाच भंगारात गेली. अब्बाही जाऊन एकोणीस वर्षं झाली. मला मिळाली ती दुसरीच गाडी, एका वाड्याच्या पडवीत कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभी असलेली. पण रंग पांढरा, दारं दोन, आणि नंबर अजून तीन अक्षरांचा, जुना. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली सरकारनं ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली आहे. पण त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. मला तर तिच्यातून भाजी आणायची होती. म्हणून साधंच नूतनीकरण करून घेतलं.

पहिला महिना उत्सवाचा गेला. ही गाडी पंचवीस फुटांच्या घेरात पूर्ण वळते. सतारमेकर गल्लीत ती वळवून दाखवायची म्हणून मी विनाकारण जात असे. सिग्नलला म्हातारी माणसं काचेशी वाकून विचारायची, “हेराल्ड ना?” आणि मग स्वतःच्या लग्नाच्या वरातीची गोष्ट सांगायची. सिग्नल सुटायचा, गोष्ट सुटायची नाही.

दुसऱ्या महिन्यात गाडी बोलू लागली. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकला की दात खाते. पेट्रोलचा वास येऊ लागला. आजच्या पेट्रोलात इथेनॉल असतं आणि साठ सालच्या रबराला ते सोसत नाही. नळ्या मऊ पडल्या होत्या. त्या बदलल्या. सप्टेंबरात परतीचा पाऊस आला. गच्ची गळू लागली. स्वयंपाकघरात दोन पातेली मांडलेली, आणि घरातली एकुलती एक ताडपत्री बाहेर गाडीवर. बेगम एवढंच म्हणाली, “पाऊस आमच्यावर, छप्पर तिच्यावर.” कवी मी आहे, पण ओळी तिला सुचतात.

या सगळ्यात माझा एक नेम मात्र चुकला नाही. दर रविवारी सकाळी गोणपाट अंथरून मी गाडीखाली शिरायचो आणि ग्रीसगननं पुढच्या चाकांच्या सांध्यांत ग्रीस भरायचो. अब्बांना मी तसंच पाहिलं होतं. दर आठवड्याला, गोणपाटावर. गाडीबाहेर दिसायचे ते त्यांचे दोन पाय, आणि तासाभरानं काळे झालेले हात. या हातांवर मी पंचवीस वर्षांपूर्वी एक कविता लिहिली होती. ग्रीसनं माखलेले अब्बांचे हात. कविसंमेलनात तिला हमखास टाळी मिळे. आता त्याच हातांचं काम मी करतोय, या विचारानं रविवारी मी गहिवरून जात असे.

डिसेंबरात आम्ही दोघं कुरुंदवाडला निघालो. तिचं माहेर. कृष्णेवरचा पूल ओलांडून शिरोळच्या रस्त्याला लागलो. उसाचा हंगाम, समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डुलत येत होता. मी वेग अगदी कमी केला आणि त्याला वाट द्यायला स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं. खाट मोडल्यासारखा आवाज झाला आणि गाडी डाव्या बाजूनं जमिनीवर बसली. उतरून पाहिलं तर डावं पुढचं चाक आत दुमडलेलं. तिच्या बाजूचं. पाचच मिनिटांपूर्वी पुलावर मी पन्नासच्या वेगात होतो.

ती उसाच्या कडेला उभी राहिली. चिडली नाही, रडली नाही. म्हणाली, “मला एसटीत बसवून द्या.” त्या वाक्यानं मला जेवढं लागलं, तेवढं त्या चाकानंही लागलं नसतं.

गाडी टेंपोत घालून कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेली. कुठल्याही यंत्राचा कुठलाही भाग लेथवर कातून मिळेल अशी ती जागा. सत्तरीचे एक मिस्त्री होते. त्यांनी तुटलेला तुकडा हातात घेतला, बोटानं पुसला आणि विचारलं, “ग्रीस कुणी भरलं?”

“मी.”

“कितीदा?”

“दर रविवारी.”

“प्रेमानं मारलीत की हो गाडी,” म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा खालच्या टोकाला स्क्रूसारखा आटे पाडलेला असतो आणि तो गनमेटलच्या एका ठोकळ्यात फिरतो. त्या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो. तिथं ग्रीस चालत नाही, गिअरबॉक्सचं नव्वद नंबरचं तेल लागतं. तेल आट्यांतून खालपर्यंत झिरपतं. ग्रीस तोंडाशीच बसतं, घट्ट होतं. आत पाणी राहतं, लोखंड गंजतं आणि एक दिवस तुटतं. ते तुटतं बहुधा असंच, हळू वेगात, पूर्ण वळणावर. गंज जुनाच होता. मी फक्त तेलाची उरलीसुरली वाट बुजवली होती. मग त्यांनी फळीवरून तेलाची गन काढून दाखवली. पितळी, पिचकारीसारखी.

ती मी ओळखली. घरी माळ्यावर अब्बांच्या ट्रंकेत तशीच एक होती. लहानपणी मला ती रंगपंचमीची वाटायची. त्या रात्री ट्रंक खाली काढली. गन अजून होती. दट्ट्या ओढला तर आत काळसर, दाट तेल राहिलेलं. त्याचा वास गंधकासारखा उग्र. नाकाशी नेलं आणि मी तिथंच बसलो. अब्बांच्या सदऱ्याला हाच वास यायचा. मी सगळा जन्म त्याला ग्रीसचा वास समजत होतो.

सांगायचं आहे ते इतकंच. मी चाळीस-पन्नास वर्षं या गाडीची इच्छा केली, पण इच्छा केली ती तिच्या रंगाची, पंखांची, दाराच्या मुठीची. गाडीखाली काय चाललं आहे, हे एकदाही वाकून पाहिलं नाही. तिथं माझाच बाप होता. डॉक्टरसाहेब तिच्यात बसत होते, मी तिच्याकडे बघत होतो; तिला ओळखत होता तो एकटा माणूस, जो आम्हाला हात लावू देत नव्हता. गाडी माझ्या नावावर झाली ती ऑगस्टमध्ये. माझी व्हायला लागली ती डिसेंबरात, मोडल्यावर.

नवे दांडे, नवे ट्रनियन, दोन्ही बाजूंचे, फेब्रुवारीत बसले. बेगमची अट एकच होती: गच्ची झाल्याशिवाय ती गाडीत बसणार नाही. भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढलं, मेमध्ये गच्ची झाली. जूनमध्ये आम्ही कुरुंदवाडला गेलो. पुलावर तिनं दाराची मूठ घट्ट धरली होती. पूल संपल्यावर सोडली.

आणखी एक दुरुस्ती बाकी होती. माझ्या संग्रहाची नवी आवृत्ती निघते आहे. मुद्रितं तपासताना त्या कवितेवर थांबलो. ‘ग्रीस’ खोडून ‘तेल’ लिहिलं. दोन्ही शब्दांच्या मात्रा तीनच. ओळ जराही हलली नाही. मग पंचवीस वर्षांपूर्वी हा शब्द का सुचला नाही? कारण ‘ग्रीस’वर टाळी मिळते, ‘तेला’वर मिळत नाही. आणि मी अब्बांच्या हातांकडे नव्हे, टाळीकडे बघत होतो.

आता रविवारी गोणपाट अंथरतो, अब्बांची गन भरतो आणि खाली शिरतो. परवा शेजारचा मुलगा दाराशी उभा होता. त्यानं विचारलं, “काका, हात लावू?” मी म्हटलं, “आधी खाली ये. काय करतोय ते बघ.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)