लंडन आणि पॅरिस : दोन राजधान्यांचा बोध
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



मी लंडन पाहिलेले नाही आणि पॅरिसही पाहिलेले नाही. दोन्ही शहरे मी पाहिली ती वर्गातील नकाशावर. परंतु कार्यकारिणीची आज्ञा झाली. ‘येत नाही’ ही सबब मी विद्यार्थ्यांना कधी चालू दिली नाही. तेव्हा ती आज मलाही सांगता येत नाही.

दोन्ही नगरे नदीकाठची. समुद्राची भरती थेम्स नदीतून लंडनपर्यंत येते. त्यामुळे जगाचा व्यापार त्या शहराच्या दारी आला. सेन नदीवरील पॅरिस समुद्रापासून दूर आहे. १६६६ च्या आगीनंतर लंडन बहुतांशी जुन्याच रस्त्यांवर पुन्हा उभे राहिले. पॅरिसमध्ये मात्र १८५३ पासून हौसमान या अधिकाऱ्याने जुन्या वस्त्या पाडून रुंद, सरळ रस्ते काढले. एक नगर वाढत गेले, दुसरे आखले गेले.

परंतु नगराची थोरवी रस्त्यांवरून मोजावी काय? परक्या, निर्धन विद्यार्थ्याला तेथे काय मिळाले, हे माझ्या मते खरे माप होय.

आपल्याच भागातील भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ साली बॅरिस्टरीसाठी लंडनला गेले. इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयातील इंग्रजांचेच कागद वाचून त्यांनी १८५७ चा इतिहास लिहिला; तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच सरकारने त्यावर बंदी घातली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच लंडनमध्ये हालअपेष्टा सोसून अध्ययन केले आणि १९२३ साली डी.एस्सी. पदवी मिळविली. लंडनने विद्या दिली, पण सत्ता हातची सोडली नाही.

पॅरिसने आश्रय दिला. श्यामजी कृष्णवर्मा १९०७ साली तेथे गेले. मादाम कामा तेथे राहत. सावरकरही १९१० च्या आरंभी तेथे होते. १३ मार्च रोजी ते लंडनला परतले आणि व्हिक्टोरिया स्थानकावरच पकडले गेले. मात्र हा आश्रयही कायमचा नव्हता. इंग्लंड-फ्रान्सची मैत्री दृढ झाली, तेव्हा १९१४ साली श्यामजींना पॅरिस सोडून जिनिव्हा गाठावे लागले. शिवाय त्याच फ्रान्सची सत्ता अल्जीरिया व व्हिएतनाम यांच्या मानेवर होती, हेही विसरू नये.

तात्पर्य, एका नगरातील विद्या आणि दुसऱ्यातील आश्रय, दोन्ही परक्यांच्या मर्जीवर अवलंबून होती. श्यामजींनी हे आधीच ओळखले होते. म्हणूनच त्यांनी १९०५ साली लंडनच्या हायगेट भागात हिंदी विद्यार्थ्यांसाठी ‘इंडिया हाउस’ हे वसतिगृह उघडले.

हे मी अनुभवाने सांगतो. मी मॅट्रिक झालो तो नाशकात एका दयाळू गृहस्थाच्या ओसरीवर राहून. त्यांची बदली झाली आणि माझे कॉलेज राहिले ते राहिलेच. दोष त्यांचा नव्हता. छप्पर माझे नव्हते.

आपल्या कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरील सहा खोल्या लग्नसराईत भाड्याने द्याव्यात, की पेठ-सुरगाण्याकडून शिकण्यास येणाऱ्या मुलामुलींसाठी ठेवाव्यात, हा प्रश्न आज सभेपुढे आहे. भाड्याचा पैसा मलाही कळतो. तरीही माझे मत आपण ओळखले असेलच. लंडन-पॅरिस बांधणे आपल्या हाती नाही. सहा खोल्या आपल्या हाती आहेत.