सभा भरली, मत कोठें गेलें?

(रिसोड येथील भाषण)



1959 च्या जानेवारींत नागपुरास काँग्रेसनें सहकारी शेतीचा ठराव केला. आपली जमीन जाईल, अशी धास्ती रयतेस पडली. त्याच वर्षीं राजाजींनीं स्वतंत्र पक्ष काढला. सरकारनें शेतींत, धंद्यांत ढवळाढवळ करूं नये, हें त्याचें उदारमत. लोकसभेंत त्यास 1962 सालीं 18, तर 1967 सालीं 44 जागा मिळाल्या. 1971 सालीं अवघ्या 8 उरल्या, नि 1974 सालीं पक्ष भारतीय लोकदलांत विरला. नांव शेतकऱ्याचें, पण पुढें बसले संस्थानिक नि कारखानदार!

पुढें शरद जोशींनीं शेतमालाच्या भावासाठीं कुणबी उभा केला. 1986 सालीं चांदवडास लाखावर बाया जमल्या. 1994 सालीं त्यांनीं स्वतंत्र भारत पक्ष काढला. पण 2004 सालीं विधानसभेंत राजुऱ्याची एकच जागा आली! कापसाच्या भावासाठीं रस्त्यावर बसणारा गडी मत देतांना जात पाहूं लागला काय? ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

पक्ष कोणताही असो, उमेदवारास दोन प्रश्न करा: भावाचें काय करणार? तुमचा खर्च कोण करतो? सभा गाजविणें सोपें आहे; पिकाप्रमाणें मताचीही राखण करावी लागते.