मिरगाआधीच्या गोळ्या



काळी नदी आमच्या जोयडा तालुक्यात दिग्गीजवळच्या डोंगरात उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. त्याच कारवारच्या सरकारी इस्पितळात दिग्गीच्या माणसाला जायचं, तर आधी जोयड्याची गाडी गाठायची, मग पुढची. पावसात ओढे चढले की तेही अडतं. एचआयव्हीच्या औषधांचा विषय निघाला की मला आधी हा रस्ता आठवतो.

औषध परवडत नाही म्हणून माणसं गेली, तो काळ फार जुना नाही. 2000 च्या सुमारास तीन औषधांच्या उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलर आणि त्याहून जास्त लागत. फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तेच मिश्रण एका सेवाभावी वैद्यकीय संस्थेला वर्षाला 350 डॉलरांत देऊ केलं. आपल्या 1970 च्या कायद्यानं औषधावर नव्हे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे. म्हणून हे जमलं. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रांत, उपचार मोफत झाले. सुरुवातीच्या सहा राज्यांत आपलं कर्नाटक होतं. 2017 पासून तर निदान झालं की लगेच गोळ्या सुरू करतात.

गोळी फुकट झाली. बुडालेला रोज कोण भरून देणार? जायला-यायला दिवस जातो, कधी मुक्काम पडतो. घरी आणि मुकादमाला दर वेळी काय सांगायचं? एक खाडा, दुसरा खाडा, मग गोळ्या सुटतात. ही गोळी रोज घेतली तरच विषाणू दबून राहतो. तो चाचणीत सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

मग केंद्र जवळ आणा, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणत असे. पण लहान गावात रांगेत कोण उभं आहे हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. म्हणून काही जण मुद्दाम लांबचं केंद्र धरतात. ही भीती उगाच नाही. शेजारच्या गोव्यात 1989 मध्ये डॉमनिक डिसूझा या तरुणाला, केवळ त्याच्या रक्तात विषाणू सापडला म्हणून, म्हापशाच्या जुन्या क्षय रुग्णालयात 64 दिवस कोंडून ठेवलं होतं. आज 2017 चा कायदा आहे, माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. तरी भीती कायद्याच्या वेगानं जात नाही. केंद्र कुठलं, हे रुग्णालाच ठरवू द्यावं.

एचआयव्हीविषयी शंका असेल तर 1097 या मदत क्रमांकावर विचारा, पैसे पडत नाहीत.

आणि ज्यांची तब्येत स्थिर आहे, त्यांना एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात, ही माझी कळकळीची मागणी आहे. मिरगाआधी त्या हाती आल्या, तर चवथीपर्यंत कुणाला भरल्या ओढ्याकाठी उभं राहावं लागणार नाही.